पाच किलो

डॉक्टर म्हणाले, शुगर दोनशे साठ,
डावा खांदा आखडलाय, थोडं वजन उचलत जा.
म्हटलं, साहेब, तीस वर्षं वजनच उचलतोय,
किराणा आहे माझा.
ते हसले नाहीत.

एस्टीला अवकाश होता.
यवतमाळात दत्त चौकाच्या अलीकडे
खेळाच्या दुकानात शिरलो.
काचेआड डंबेल्स, जोडीजोडीनं,
लग्नातल्या फोटोसारखी अवघडलेली.
आधी भाव विचारला, किलोनं. सवय.
लोखंडी एकशे चाळीस,
रबर चढवलेलं दोनशे दहा,
प्लास्टिकात सिमेंट भरलेलं ऐंशी.
डाळीच्या भावात लोखंड,
आणि तेही शिजत नाही.

सिमेंटवालं हलवून पाहिलं. आत खुळखुळलं.
रबरी पट्टे ताणून पाहिले :
वास सायकलच्या ट्यूबचा,
भाव अख्ख्या सायकलचा.
पळायच्या यंत्राकडे बघितलंच नाही.
आमच्या गावात एक आहे, मानकरांच्या गजूकडे.
लाइन असते तेव्हा गजू नसतो,
गजू असतो तेव्हा लाइन नसते,
सध्या त्यावर मुंगवड्या वाळतात.

घरी आलो.
"काय आणलं?" शकूनं विचारलं.
"भाव आणला."
ती पदर खोचत म्हणाली,
"काहून बाप्पा, पोत्यामांगं बाबाजीचा काटा पडून हाय,
त्याचे वजनं कायले गंजू देता?"

काढली.
इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हापासून
भुसार खोलीत, उंदरांच्या शेजारी.
दोन पाच-पाच किलोची, वर कडी.
राकेल आता मिळत नाही, चिंचेनं घासली.
आकडा हळूहळू वर आला,
जुन्या ओळखीच्या माणसासारखा, आधी नाक, मग कपाळ.

पहाटे ओसरीत, बनियनवर,
कडीत बोटं अडकवून वर, खाली.
कुंपणावरून सुपारे मास्तरांची पोरं मोजायला.
बारा झाले की त्यांचे सतरा होत.

तिसऱ्या दिवशी उजवा हात थकला, डावा नाही.
डावाच तर दुखरा.
वजनं बदलली.
आता डावा थकला.

दुकान उघडायच्या आधी काट्यावर ठेवली.
पहिलं : पाच, शून्य शून्य शून्य.
दुसरं : चार, आठशे सत्तर.
उलटं करून पाहिलं.
बुडाला शिसं असतं, त्यावर सरकारी शिक्का.
इथं मेण होतं, वरून काजळी.

म्हणजे एक घेताना.
एक देताना.

कडी धरून किती वेळ बसलो कोण जाणे.
चाळीस वर्षं. दर पाच किलोला एकशे तीस ग्रॅम.
गुणाकार मला येतो, केला नाही.
आठवत होतं ते वेगळंच :
पारडं टेकलं की बाबा वरून एक मूठ टाकायचे,
न बघता, बोलता बोलता.
त्या मुठीसाठी लोक
पलीकडच्या गावचं दुकान ओलांडून यायचे.

माझी मूठ भरून पाहिली. पंचाऐंशी ग्रॅम.
बाबांचा हात मोठा होता.
किती मोठा,
ते आता कशावर मोजू?

शकूला सांगितलं. ती काही बोलली नाही.
दुपारी जुन्या चोळीच्या खणाची पुरचुंडी शिवली,
एकशे तीस ग्रॅम तूरडाळ मोजून भरली,
हलक्या वजनाच्या कडीला बांधली.
"आता करा," म्हणाली.

करतो.
पंधरा दिवसांत डाळीला सोंडे लागले,
तिनं बदलली, जुनी कोंबड्यांना.
हात आता वरच्या फळीपर्यंत जातो,
गूळ उतरवायला पोराला हाक मारावी लागत नाही.

काल सयाबाई आली, पाच किलो ज्वारी.
काट्यावर बरोबर पाच झाले.
हात थांबला, मग पोत्यात गेला,
मूठ भरून वर आला.
पिशवीचं तोंड बांधत ती म्हणाली,
"अगदी बापावर गेला रे तू."

रात्री खांदा दुखत होता.
शकूनं विचारलं, कोणता?
मला पटकन सांगता आलं नाही.